मुक्ताचा गुडघा

धाराशिवहून अंक काढणारे दोघं जण घरी आले आणि म्हणाले, वस्ताद, तुम्ही जन्मभर लोकांची हाडं बसवली, त्यातल्या गमतीजमती लिहून द्या, लोकांना वाचायला आवडतं. मी म्हणालो, माझी शाळा चौथीपर्यंत. चौथीच्या परीक्षेलासुद्धा बसलो न्हाई, त्या दिवशी जत्रेत कुस्ती होती. ते म्हणाले, तुम्ही लिहा, शुद्ध-अशुद्ध आम्ही बघतो. म्हणून लिहायला घेतलं. गमतीजमती लिहीन. पण मला लिहायचंय ते एका गुडघ्याबद्दल, आणि त्यात गंमत न्हाई. ज्यांना नुसती गंमत पाहिजे त्यांनी पहिलं पान वाचून अंक मिटावा. मला राग येणार न्हाई.

पगार मला शाळेचा होता. भूमला एका शाळेत मैदानावरचा शिपाई म्हणून लागलो आणि तिथंच म्हातारा झालो. मैदान झाडायचं, दगडं वेचायची, कुसळं उपटायची, मॅच असली की फक्की मारायची. फक्की म्हणजे चुन्याच्या भुकटीच्या पांढऱ्या रेघा. सुतळी ताणून धरायची आणि तळाला भोकं पाडलेला डबा हलवत सरळ चालायचं. मधला गोल मारायचा तर मधोमध पहार ठोकायची, तिला दोर बांधायचा आणि दोर ताठ ठेवून फिरायचं. लोकांना वाटतं सोपं हाय. माझ्या गोलाची दोन टोकं कधी चुकली न्हाईत. नवीन लोकांचा गोल बघा, वांग्यासारखा दिसतो.

हाडं बसवायचं काम सकाळी शाळेच्या आधी आणि संध्याकाळी शाळेनंतर. ते तालमीतून आलेलं. तालमीत पोरांचे खांदे निखळतात, बोटं मुडपतात, त्याला डॉक्टर कुठून आणायचा. आमचे वस्ताद बसवायचे, त्यांचं बघून मी शिकलो. या कामाचे मी पैसे घेतले न्हाईत. नारळ आणला तर घेतला. सामान पण काय लागत न्हाई. करडीचं तेल, आंबेहळद, बांबूच्या कामट्या, जुनं धोतर फाडून केलेल्या पट्ट्या, आणि हा अंगठा. डोळे मिटून अंगठा फिरवायचा. कुठं उंच लागतं, कुठं खड्डा लागतो, कुठं गरम हाय, ते अंगठा सांगतो.

आणि एक युक्ती. माणसाला झटका येणार हे कळलं की तो अंग आवळतो. आवळलेल्या अंगात हाड जागेवर जात न्हाई. म्हणून त्याला बोलण्यात गुंतवायचं. काहीतरी असं इचारायचं की त्याला आठवावं लागंल. तो आठवायला लागला की अंग सैल पडतं, आणि त्या क्षणाला ओढायचं. तामलवाडीचा एक नवरदेव हळदीच्या अंगानं आला होता. मित्रांनी खांद्यावर उचलून नाचवला आणि पाडला, खांदा निखळला. मी त्याला म्हणालो, “नाव घेऊन दाखव बघू बायकोचं.” तो लाजला, म्हणाला, “वस्ताद, अजून पाठ न्हाई झालं,” आणि वर बघून आठवायला लागला. तिथंच बसला खांदा. दुसऱ्या दिवशी लग्नात त्यानं नाव घेतलं ते अर्धंच घेतलं आणि खांदा आवळला म्हणतात.

तुळजापूरच्या एका मास्तरांच्या बायकोचं बोट मुडपलं होतं. परक्या माणसाचा हात लागायला नको म्हणून त्यांनी बोटावर पदर घेतला आणि पदराच्या आत मास्तरांनी त्यांचा हात धरून ठेवला. मी पदरावरून इचारलं, “वहिनी, घरात मीठ कुठं ठेवता?” त्यांनी सांगायच्या आत मास्तर म्हणाले, “फळीवर.” मग नवरा-बायकोचं तिथंच लागलं, मीठ फळीवर का चुलीपाशी, आणि भांडणात बोट बसून गेलं. कचेरीतले एक भाऊसाहेब तर असल्या लोकांवर बंदी आणली पाहिजे असं चारचौघांत बोलायचे. त्यांचा घोटा मुरगळला तेव्हा मागच्या दारानं आले, टोपी कानापर्यंत ओढून. मी बसवला. जाताना म्हणाले, “कुणाला बोलू नका.” बोललो न्हाई. आज बोललो, आता ते या जगात न्हाईत.

पुढं पुढं गावात सगळ्यांना ही युक्ती माहीत झाली. मी नुसतं बाजारात कुणाला “काय, पाऊस कसा हाय तिकडं?” म्हटलं तरी लोक हात मागं घ्यायचे. पण माहीत असून फसायचे. माणसाला इचारलं की तो सांगायला जातोच.

एवढी गंमत पुरे.

शाळेत आमचे शेख सर होते, खेळाचे मास्तर. बारीक अंगाचे, पायात कायम कॅनव्हासचे बूट. सगळ्या जिल्ह्यात पोरं खो-खो खेळायची, पण सरांचा जीव फुटबॉलवर. एका वर्षी वरून कागद आला की मुलींचा फुटबॉल संघ पाठवा. सरांनी वर्गावर्गात फिरून दहा पोरी गोळा केल्या. अकरावी मिळंना.

मैदानाच्या कडेनं रोज सकाळी एक पोरगी डोक्यावर खव्याची पाटी घेऊन स्टँडकडं जायची. बापाची खव्याची भट्टी, खवा एसटीनं बाहेर जायचा. गाडी सुटायच्या आत पाटी पोचवायची म्हणून ती जवळजवळ पळत जायची, पण डोक्यावरची पाटी हलायची न्हाई. नाव मुक्ता. आमच्याच शाळेत सहावीला होती. एकदा चेंडू मैदानाबाहेर तिच्या अंगावर आला. तिनं पाटीला हात लावला न्हाई आणि मान वळवली न्हाई. नुसता पाय पुढं ठेवला. चेंडू तिच्या पायापाशी येऊन मेला. सर माझ्याकडं बघून म्हणाले, “वस्ताद, ये देखा?” मी म्हणालो, “बघितलं. पाटी पण बघितली का?”

नवीन पोरीला मागं उभं करतात, कारण तिला अजून काय येत नसतं. तशी मुक्ता मागं उभी राहिली आणि मग जन्मभर मागंच खेळली. सर त्या जागेला स्टॉपर म्हणायचे. न खेळणाऱ्यांसाठी सांगतो. पुढच्या पोरींनी गोल करायचा, मागच्यांनी होऊ द्यायचा न्हाई. समोरची पोरगी चेंडू घेऊन सुटली की ती आणि आपला गोल यांच्यामधी एकटी स्टॉपर उरती. ती चुकली तर मागं फक्त गोलकीपर. पुढची दहादा चुकली आणि एकदा गोल केला तर लोक तिला उचलून घेतात. मागचीचं उलट हाय.

फुटबॉल मला येत न्हाई, आजही येत न्हाई. पण फसवाफसवी मला कळते. पहिले काही दिवस मुक्ता चेंडूकडं बघायची आणि पोरी तिला हुलकावणी देऊन निघून जायच्या. एकदा मी फक्की मारता मारता डबा खाली ठेवला आणि तिला हाक मारली.

“कुठं बघती गं?”

“चेंडूकडं, वस्ताद.”

“चेंडूकडं बघू नको. पायाकडं बघू नको. तोंडाकडं तर बिलकुल न्हाई. पाय खोटं बोलतो. कंबर बघ. माणूस जिकडं जायचा तिकडं आधी कंबर जाती. कंबरंला खोटं बोलता येत न्हाई.”

“असं कुणी सांगितलं?”

“माझ्या वस्तादानं. आणि त्यानं सांगितलं तेव्हा म्या इचारलं न्हाई कुणी सांगितलं.”

ती हसली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या अंगावरून कुणी गेलं न्हाई. सरांनी तिला चेंडू मारायला शिकवला, पळायला शिकवलं, उभं कुठं राहायचं ते शिकवलं. पण कंबर माझी हाय. हे मी कुणालाबी सांगतो आणि सांगणार.

पुढं ती जिल्ह्यातून खेळली, विभागातून खेळली. लातूरला मॅच होती तेव्हा सर मला सोबत घेऊन गेले, कुणाचा पाय मुरगळला तर असावा म्हणून. समोरच्या संघात एक शहरातली पोरगी होती, वाऱ्यासारखी पळायची. सगळ्या मैदानाला फसवत आली आणि मुक्तापाशी येऊन तिनं डावीकडं खांदा टाकला, उजवीकडं पाय टाकला, परत डावीकडं. मुक्ता जागची हलली न्हाई. तिसऱ्या वेळंला नुसतं एक पाऊल टाकलं आणि चेंडू काढून घेतला, खुंटीवरची पिशवी काढावी तसा. त्या पोरीनं ती मॅचभर सगळं करून बघितलं. शेवटी आमच्या एका पोरीनं एक गोल केला आणि आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी पेपरात गोल करणारीचं नाव आलं, फोटो आला. मुक्ताचं नाव कुठंच न्हाई. मी पेपर घेऊन तिच्या भट्टीवर गेलो, लई तापलो होतो.

ती म्हणाली, “वस्ताद, माझं नाव आलं असतं तर समजायचं आपण गोल खाल्ला.”

हे तिनं सोळाव्या वर्षी सांगितलं. माझ्या कामाचं पण तसंच हाय. हाड नीट बसलं की माणूस विसरून जातो. वाकडं बसलं की मरंपर्यंत नाव घेतो. ते एक दिवस माझ्यावर येईल असं तेव्हा वाटलं न्हाई.

बारावीनंतर ती राज्याच्या संघात गेली आणि तिथून मुंबईच्या एका क्लबनं तिला घेतलं. कागद झाला, एका हंगामाचा. हंगाम संपला की परत बघायचं ठेवायचं का न्हाई. खेळायचे पगार मिळतात हे तिच्या बापाला पटंना. तो सरांना म्हणाला, “सर, पोरीला नोकरी काय हाय म्हणून सांगू लोकांना?” सर म्हणाले, “सांगा, राखण करती.” बाप म्हणाला, “कशाची?” सर म्हणाले, “जाळीची.” बाप घरी जाऊन बायकोला म्हणाला, पोरगी वॉचमन झाली.

मॅच मोबाईलवर दिसायची. शाळा सुटल्यावर मी आणि सर व्हरांड्यात बसून बघायचो. माणसं मुंगीएवढी दिसायची, पाठीवरचे नंबर मला वाचता यायचे न्हाईत. तरी मुक्ता मला लगेच सापडायची. सगळ्या पोरी चेंडूबरोबर हलायच्या, एक हलायची न्हाई. मी बोट ठेवायचो, “ही.” सर म्हणायचे, “वस्ताद, बोट काढा, तिच्यावरच ठेवलंय.” असे तीन हंगाम गेले. तिसऱ्या हंगामात ती संघाची कॅप्टन नव्हती, पण ओरडून सगळ्यांना जागेवर लावायची तीच, असं सर म्हणायचे. आवाज ऐकू यायचा न्हाई. तोंड उघडलेलं दिसायचं.

त्याच्या पुढच्या वर्षी ती अचानक गावी आली. एसटीतून उतरली ती डावा पाय सरळ ठेवून. सरळ घरी न जाता पिशवीसकट मैदानावर आली. सर तिथंच होते. मी जाळीपुढच्या चौकोनाची फक्की मारत होतो.

सरावात पाय जमिनीत रुतला आणि अंग फिरलं, असं तिनं सांगितलं. गुडघ्यातून आवाज आला. क्लबच्या डॉक्टरनं सांगितलं की मशीनमधून फोटो काढू आणि तोवर पळायचं न्हाई. हिनं त्यांना गावी काम निघालंय सांगितलं आणि गाडी धरली.

“का?” सरांनी इचारलं.

“नऊ दिवसांनी कॅम्प हाय, सर. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं ते तिथं ठरतंय. माझ्या जागेवर दोन नवीन पोरी आल्यात. फोटोत काय निघालं तर मला कॅम्पला बोलवायचेच न्हाईत.”

सर म्हणाले, “मग बार्शीला काढू फोटो. आपण आपला काढू, त्यांना सांगायची गरज न्हाई. पण बेटा, बघून घेतल्याशिवाय पाऊल टाकू नको.”

“वस्तादांना बघू द्या आधी,” ती म्हणाली.

तिला मी शाळेच्या पायरीवर बसवलं. पँट वर केली, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. सांधा गरम होता. वाटीच्या दोन्ही बाजूला पाणी होतं, दाबलं की इकडून तिकडं जात होतं.

आता जे लिहितो ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलं न्हाई. माझ्या वस्तादांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, सांधा गरम असला, पाणी भरलेलं असलं, तर हात लावायचा न्हाई. लेप घालायचा, पाय उशीवर ठेवायचा आणि वाट बघायची. पाणी उतरल्याशिवाय आत काय झालंय ते अंगठ्याला कळत न्हाई. हे मी शेकडो लोकांना सांगून परत पाठवलेलं हाय. बेंबळीचा एक जण बैलगाडीतून पडून आला होता, त्याला तीनदा परत पाठवलं, शिव्या देत गेला. नियम मला पाठ होता. मुक्ताच्या गुडघ्यावर अंगठा होता तेव्हासुद्धा पाठ होता.

पण सर उभे होते. सर म्हणाले, “वस्ताद, जिद नका करू. हा खेळणाऱ्याचा गुडघा आहे. आत दोऱ्या असतात, त्या हाताला कळत न्हाईत. मशीनलाच कळतात.”

मी म्हणालो, “सर, मशीन फोटो काढतंय. अंगठा वाचतोय.”

“चौथी नापास अंगठा काय वाचणार,” सर हसून म्हणाले. ते हसूनच म्हणाले. आमची थट्टा अशीच चालायची. पण त्या दिवशी पोरीसमोर म्हणाले, आणि ते मला लागलं.

मी मुक्ताला म्हणालो, “पोरी, तुझी सगळ्यात भारी झालेली मॅच कुठली गं?”

तिला युक्ती माहीत होती. लहानपणापासून बघत आली होती. माझ्याकडं बघितलं, हसली, आणि तरी आठवायला लागली. “सगळ्यात भारी म्हंजे...” म्हणाली, आणि मी ओढलं.

कट् असा आवाज झाला. बसलं की असाच आवाज होतो. ती ओरडली न्हाई, नुसती पायरीला दोन्ही हातांनी धरून बसली. मी सरांकडं बघितलं आणि म्हणालो, “बसलं.” थोड्या वेळानं मी तिला उठवलं, चालवलं. म्हणालो, कसं वाटतंय. ती म्हणाली, “हलकं वाटतंय, वस्ताद. दुखायचं कमी झालं.” मी परत सरांकडं बघितलं.

नंतर मला कळलं की ताणलेला दोर दुखतो. तुटलेला दुखत न्हाई.

कॅम्पला ती गेली. तिसऱ्या दिवशी खेळताना कुणाचा धक्का लागला न्हाई, काही न्हाई, नुसती वळली आणि गुडघा निघून गेला. दोन हाडांमधली गादी पण चिरडली. ऑपरेशन मुंबईला झालं, सर तिच्या बापाला घेऊन गेले. मी गेलो न्हाई. शाळेत वार्षिक खेळ होते, फक्की मारायची होती असं मी सगळ्यांना सांगितलं. खेळ पुढच्या महिन्यात होते.

क्लबनं त्या हंगामापुरतं सांभाळलं, मग कागद परत झाला न्हाई. तिनं सोडलं न्हाई पण. वर्षभर ती आमच्या मैदानावर एकटी यायची. मी फक्की नसली तरी तिच्यासाठी दोन रेघा मारून ठेवायचो, ती त्या रेघांवरून चालायची, मग पळायची, मग वळून बघायची. सरळ पळणं चांगलं व्हायचं. वळताना थांबायची. एका लहान संघानं तिला एक हंगाम घेतलं, तो तिनं बाकावर बसून काढला. एकदा शेवटची दहा मिनिटं उतरवली. सर आणि मी मोबाईलवर बघत होतो. समोरची पोरगी आली, खांदा टाकला. मुक्ताला कळलं होतं ती कुठं जाणार. तिची मान आधीच तिकडं वळली होती. पाय गेला न्हाई. त्यांनी गोल केला. सरांनी मोबाईल बंद करून खिशात ठेवला.

त्या दिवशी तिचं नाव आलं असंल कुठंतरी छापून. मी बघितलं न्हाई.

त्यानंतर ती गावी आली ती आलीच.

एका सकाळी मी मधला गोल मारत होतो, दोर ताणून फिरत होतो, तेव्हा सर आले आणि पहारीपाशी उभे राहिले. ते रिटायर व्हायचे होते त्या महिन्यात. म्हणाले, “वस्ताद, एक गोष्ट दोन वर्षं पोटात ठेवली. जाण्याआधी सांगतो. मुंबईच्या डॉक्टरनं मुक्ताला माझ्यासमोर इचारलं होतं, हा गुडघा कुणी ओढला होता का? म्हणाला, आधी अर्धी दोरी शाबूत असावी, विश्रांतीनं निभावलं असतं कदाचित.”

“मग?” मी म्हणालो.

“ती म्हणाली, न्हाई. बाथरूममध्ये घसरले.”

मी दोर सोडला न्हाई. फिरत राहिलो. सरांना म्हणालो, “डॉक्टर लोक स्वतःचं झाकायला असंच बोलतात.” सर म्हणाले, “वस्ताद, मी तुमच्यावर घालायला न्हाई सांगितलं. मी पण तिथं होतो. मी पण थट्टा केली.” मी म्हणालो, “तुम्ही कशाला मधी येता, बसवणारा मी.” सर गेले. त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमाला मी खुर्च्या लावल्या आणि घरी आलो. सहा महिने आम्ही बोललो न्हाई. त्या दिवशीच्या गोलाची दोन टोकं जुळली न्हाईत. वीतभर चुकली. पुसून परत मारली.

हाडं बसवायचं मी त्यानंतरही सोडलं न्हाई, एवढा मी हट्टी. सोडलं तर लोक म्हणतील वस्ताद चुकला. मग एकदा एक बाई मनगट घेऊन आल्या. सोपं काम होतं, डोळे मिटून व्हावं असं. मी हात धरला आणि इचारलं, “माहेर कुठलं, बाई?” त्या आठवून गावाचं नाव सांगायला लागल्या, वाड्यावस्त्या सांगितल्या, भावांची नावं सांगितली, आणि माझा हात तसाच. ओढलंच न्हाई. त्या बोलायच्या थांबल्या आणि माझ्याकडं बघत बसल्या. मी म्हणालो, “बार्शीला जा, फोटो काढा.” त्या दिवसापासून कामट्या माळ्यावर हाईत. कुणी आलं की सांगतो, अंगठ्यात वात आलाय. खोटं हाय. अंगठा चांगला हाय.

अंकवाल्यांनी सांगितलं म्हणून लिहायला बसलो आणि वरचं सगळं लिहून झालं. मग वाटलं, हे छापून आल्यावर तिनं वाचण्यापेक्षा आधी ऐकावं. काल सकाळी वही घेऊन भट्टीवर गेलो.

मुक्ता कढईपाशी उभी होती. दूध आटत आलं की उलथनं थांबवता येत न्हाई, थांबलं की तळाला लागतं. ती उजव्या पायावर भार देऊन हलवत होती. डावा पाय जरा पुढं, सरळ. बाप आता थकलाय, भट्टी तीच बघती. शाळेच्या पोरी तिला शिकवायला बोलवतात, कधी जाते, कधी जात न्हाई. मी म्हणालो, “अंकात लिहिलंय. वाचून दाखवतो. तुझं नाव हाय त्यात. नको असंल तर काढतो.”

“वाचा,” ती म्हणाली.

मी वाचलं. माझं वाचणं हळू. नवरदेवाला ती हसली. कंबरंचं आलं तेव्हा म्हणाली, “व्हय, कंबर तुमचीच.” मग पायरीचं आलं. गरम सांधा, पाणी, माझ्या वस्तादांचा नियम, सगळं मी न गाळता वाचलं. एकदाच उलथन्याचा आवाज थांबला, आणि लगेच परत सुरू झाला. खवा लागला न्हाई.

वाचून झालं. तिनं कढई उतरवली, खवा परातीत काढला, थापला, हात धुतले. मला वाटलं आता बोलंल. ती आत गेली आणि वाटी घेऊन आली. पाटावर बसली, डावा पाय माझ्यापुढं लांब केला आणि पायजमा गुडघ्याच्या वर घेतला. ऑपरेशनची खूण मी पहिल्यांदाच बघितली.

“थंडी सुरू झाली की ठणकतंय,” ती म्हणाली. “करडीचं हाय. कोमट केलंय. नुसतं लावा, वस्ताद. ओढू नका.”

मी तेलात हात बुडवला. गुडघ्यावर ठेवला. सांधा गार होता, पाणी नव्हतं, आणि अंगठ्याला आत एक जागा मोकळी लागली. मी तोंड उघडलं. मला तिला एक गोष्ट इचारायची होती, सरांनी सांगितलं त्या दिवसापासून इचारायची होती, डॉक्टरला तू न्हाई का म्हणालीस.

हाताखाली तिचं सगळं अंग दगडासारखं आवळलं.

“काय बी इचारू नका,” ती म्हणाली.

मी इचारलं न्हाई. तेल मुरंपर्यंत चोळत राहिलो. हळूहळू पाय सैल पडला.